वाचाळ कोण, गप्पिष्ट कोण? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी एका मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद करते आहे. कथेत एक निवृत्त गृहस्थ आहेत. लेखकाने त्यांना आधी ‘गप्पिष्ट’ म्हटलंय, पुढे ‘वाचाळ’, आणि शेवटी सून वैतागून म्हणते, ‘किती बडबडतात हे!’ कोश उघडला तर तिन्हीकडे तीच माळ : टॉकेटिव्ह, गॅर्युलस, लोक्वेशस, व्हॉल्युबल, व्हर्बोस. यांत खरंच काही फरक आहे, की हाताला लागेल तो शब्द घातला तरी चालेल?

उत्तर : नाही चालणार. तुमच्या गृहस्थांचा स्वभावच बदलून जाईल.

अशी माळ पाहिली की वाटतं, ही बडबडीची चढती मापं असणार. टॉकेटिव्ह म्हणजे जरा जास्त बोलणारा, लोक्वेशस त्याच्या वरचा आणि गॅर्युलस म्हणजे कहर. पण माणूस किती बोलतो हे या शब्दांतून फारसं कळतच नाही. ऐकणाऱ्याची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, ते कळतं. कुणाला विषय फालतू वाटतो, कुणाला वेग झेपत नाही, कुणाला एका वाक्याच्या कामासाठी पाच वाक्यं खर्ची पडलेली खुपतात. आणि काही शब्दांत तक्रार नसतेच. मी इंग्रजी मुलाखतींची आणि माहितीपटांची मराठी सबटायटल्स लिहिते. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी कानात घालून बसायचं आणि त्यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं ते ठरवायचं, हा माझा धंदा. त्यामुळे शब्द निवडण्याआधी मी एकच प्रश्न विचारते : ऐकणारा कशाला कंटाळलाय?

टॉकेटिव्ह सगळ्यांत निरुपद्रवी. ‘टॉक’ हा अस्सल इंग्रजी शब्द, त्याला लॅटिन शेपूट जोडलेलं. पंधराव्या शतकापासून वापरात आहे. हा माणसाचा स्वभाव सांगतो, तसाच त्या-त्या वेळचा मूडही. एरवी गप्प असणारा माणूस लांबच्या प्रवासात टॉकेटिव्ह होऊ शकतो. उच्चारात ‘ल’ नाही, एवढं मात्र सांभाळा.

गॅर्युलसमध्ये तक्रार विषयाची आहे. बोलणं लांबतं, भरकटतं आणि हाती काही लागत नाही. मुळात लॅटिनमधलं हे क्रियापद किलबिलाट, कलकलाट यांसाठी. युरोपापासून हिमालयापर्यंत आढळणारा जे नावाचा एक कर्कश पक्षी आहे. त्याचं शास्त्रीय नाव गॅर्युलस ग्लँडॅरियस. पक्ष्यावर अन्याय असेल, पण शब्दाचा सूर बरोबर पकडलाय. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या प्लुटार्क या ग्रीक लेखकाने बडबड्या लोकांवर एक आख्खा निबंध लिहिलाय, आणि त्याच्या प्रचलित लॅटिन नावात हाच शब्द आहे. त्यात आर्केलाउस राजाचा किस्सा येतो. बडबड्या न्हावी विचारतो, ‘महाराज, केस कसे कापू?’ राजा म्हणतो, ‘गप्प राहून.’

इंग्रजी साहित्यातलं गॅर्युलसचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे जेन ऑस्टेनच्या ‘एमा’ या १८१५च्या कादंबरीतली मिस बेट्स. क्षुल्लक गोष्टींवर भरभरून बोलणारी, असं लेखिका तिच्याबद्दल सुरुवातीलाच सांगून ठेवते. आलेलं पत्र, आईचा चष्मा, कोण कुठे भेटलं, एकातून दुसरं निघतं आणि वाक्य कुठेच टेकत नाही. पण बाई मनाने निर्मळ. बॉक्स हिलच्या सहलीत खेळ निघतो की प्रत्येकाने एक फार चतुर, दोन बऱ्यापैकी चतुर किंवा तीन अगदी रटाळ गोष्टी बोलायच्या. मिस बेट्स स्वतःच हसत म्हणते, मग माझं सोपं आहे, तोंड उघडलं की तीन रटाळ गोष्टी येतीलच. त्यावर एमा सगळ्यांसमोर म्हणते, अडचण एकच, एका वेळी तीनच्या वर बोलता येणार नाही. मिस बेट्सला ते लागतं, आणि वाचताना आपल्यालाही लागतं. गॅर्युलस माणसाचा वैताग येतो, पण त्याचा राग धरता येत नाही. म्हणूनच इंग्रजीत हा शब्द म्हाताऱ्या माणसांना वारंवार चिकटवलेला दिसतो. इतका, की ती जोडी आता गुळगुळीत झाली आहे. तुम्ही वापराल तेव्हा एकदा विचार करून वापरा.

लोक्वेशसमध्ये तक्रार अगदी पुसट. बोलणं या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा आला. एलोक्वंट, कलोक्विअल, सॉलिलोक्वी ही सगळी त्याची भावंडं. बोलायची हौस आहे, शब्दांची ददात नाही, एवढंच तो सांगतो. विषय फालतू असेलच असं नाही. पण शब्द जरा इस्त्रीचे कपडे घालून आलेला आहे, त्यामुळे त्यात किंचित मिश्कीलपणा येतो. वर्तमानपत्रांना तो एका ठरावीक जागी आवडतो : एरवी लोक्वेशस असणारे अमुक नेते आज पत्रकारांना पाहून निघून गेले. तिथे गॅर्युलस घातला तर बातमीचा टोमणा होईल.

व्हॉल्युबल हा माझा लाडका, कारण माझा सगळ्यांत जास्त वेळ यानेच खाल्लाय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गरगर फिरणारं, गडगडणारं. रिव्हॉल्व्ह, रिव्हॉल्व्हर त्याच कुळातले. गुंडाळीच्या रूपातला ग्रंथ म्हणून व्हॉल्यूमसुद्धा. आपण म्हणतो ना, तोंडाची टकळी सुरू झाली? टकळी म्हणजे सूत कातायची फिरती चाती. लॅटिनला आणि मराठीला एकच गोष्ट दिसली आणि दोघींनी ती आपापल्या परीने नोंदवली. व्हॉल्युबलमध्ये सगळं लक्ष वेगावर आणि अखंड धारेवर आहे. बहुधा तो त्या प्रसंगापुरता असतो, आणि मागे राग, उत्साह किंवा घाबरगुंडी असते. लाजरा माणूससुद्धा अन्याय झाल्यावर व्हॉल्युबल होतो.

साधारण गप्पांत इंग्रजी बोलणारा मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. पडद्यावर एका वेळी माझ्या वाट्याला दोन ओळी आणि काही सेकंद. बोलणारी बाई तावातावाने दोनशेच्या पुढे गेली, की तिचं अर्धं बोलणं गाळावंच लागतं, आणि तरी ती तावातावाने बोलते आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. मग ‘म्हणजे बघा’, ‘मी काय म्हणत होते’ असलं सगळं उडतं, क्रियापदं राहतात, वाक्यं तुटकी होतात.

इथे एक कसोटी सांगते, ती तुम्हाला अनुवादात उपयोगी पडेल. समजा, पलीकडच्या बाकावर दोन माणसं तुम्हाला ओ की ठो न कळणाऱ्या भाषेत बोलताहेत. त्यांना तुम्ही खुशाल व्हॉल्युबल म्हणू शकता. धार कानाला कळते. गॅर्युलस म्हणता येणार नाही, कारण विषय फालतू आहे की जीवनमरणाचा, हे भाषा कळल्याशिवाय कसं ठरवणार? आणि व्हर्बोस म्हणायला तर भाषा चांगलीच यायला हवी.

व्हर्बोसची तक्रार शब्दांच्या उधळपट्टीची आहे. तो माणसापेक्षा मजकुराला जास्त शोभतो : अहवाल, करारनामा, ईमेल, भाषण. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातला दरबारी पोलोनिअस राजा-राणीसमोर सांगतो की थोडक्यात बोलणं हाच चातुर्याचा प्राण, आणि मग हॅम्लेटला वेड लागलंय एवढं सांगायला इतके वळसे घेतो की राणीच त्याला बजावते, मुद्द्याचं बोला, कलाकुसर नको. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हे. त्याचा जुळा प्रोलिक्स, म्हणजे पाल्हाळिक. हा पुस्तकी आहे, बोलण्यात सहसा येत नाही. लाँग-विंडेड मात्र रोजच्या वापरातला. त्यातला ‘विंड’ म्हणजे श्वास. धावताना दम न लागणाऱ्यालाही पूर्वी हेच म्हणत. आता दम दुसऱ्यांना लागतो.

आता तुमचे गृहस्थ. ‘गप्पिष्ट’ला चॅटी किंवा लोक्वेशस. निवेदक घरगुती सुरात बोलत असेल तर चॅटी, जरा डोळे मिचकावत बोलत असेल तर लोक्वेशस.

‘वाचाळ’ला थोडं थांबा. हा शब्द जन्मापासूनच निंदेचा. पाणिनीच्या व्याकरणात पाचव्या अध्यायात लागोपाठ दोन सूत्रं आहेत. पहिल्याने ‘वाग्मी’ सिद्ध होतो, म्हणजे उत्तम बोलणारा. दुसऱ्याने ‘वाचाल’ आणि ‘वाचाट’, म्हणजे फार बोलणारा. आणि परंपरेने तिथे टीप जोडली की हे निंदेच्या अर्थी. ‘मूकं करोति वाचालं’मध्ये तोच शब्द कृपाप्रसाद होऊन येतो, पण तिथे मुका बोलू लागतो हाच चमत्कार आहे, तो काय बोलतो याची चौकशी कुणी करत नाही. आजच्या मराठीत तर ‘वाचाळवीर’ म्हटलं की जिभेला हाड नसलेले, बोलू नये ते बोलणारे पुढारी डोळ्यांसमोर येतात. त्या अर्थाला तुमच्या माळेतला एकही शब्द पुरत नाही. तिथे लाउडमाउथ किंवा लूज-टंग्ड लागेल. तेव्हा कथेत बघा. गृहस्थ कुणाला दुखावतात का, घरातलं बाहेर सांगतात का? तसं असेल तर हे शब्द. नुसतेच भरकटत असतील तर गॅर्युलस.

आणि सुनेच्या तोंडी यातला एकही घालू नका. वैतागलेलं माणूस लॅटिन बोलत नाही. ‘ही नेव्हर स्टॉप्स टॉकिंग’ एवढं पुरे.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात ‘स्वतःबद्दल’ या रकान्यात मी लिहिलंय : आय अ‍ॅम लोक्वेशस अँड काँफिडंट. मित्र म्हणतो, लोक्वेशस काढ. मी म्हणतो, टॉकेटिव्हपेक्षा बरा दिसतो. कोण बरोबर?

उत्तर : मित्र. अर्ज वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळेल की हा माणूस मीटिंग लांबवणार. तुम्हाला सांगायचंय ते वेगळं : मला माझं म्हणणं नीट मांडता येतं. त्याला आर्टिक्युलेट हा शब्द आहे. यात बोलण्याचं प्रमाण येतच नाही, नेमकेपणा येतो. दिवसातून दोन वाक्यं बोलणारासुद्धा आर्टिक्युलेट असू शकतो. अर्थात स्वतःला विशेषण लावण्यापेक्षा काय केलं ते लिहिणं केव्हाही चांगलं. कुणासमोर सादरीकरण केलं, कोणत्या तक्रारी फोनवर सोडवल्या, ते लिहा.

जाता जाता आणखी काही शब्दांपासून सावध करते, कारण ‘बोलण्यात हुशार’ या अर्थी ते हमखास सुचवले जातात. ग्लिब चुकूनही लिहू नका. हा मुळात ‘गुळगुळीत, निसरडा’ या अर्थाचा. उत्तर तोंडावर तयार, पण त्याखाली ना विचार ना कळकळ. व्होकल म्हणजे आपलं मत उघडपणे मांडणारा, तोही बहुधा एखाद्या प्रश्नापुरता. आउटस्पोकन म्हणजे स्पष्टवक्ता. त्यात थोडी धग आहे, आणि नोकरी देणाऱ्यांना ती किती मानवते ते तुम्हीच ठरवा. इफ्यूजिव्ह म्हणजे भावना ओसंडून वाहणारा. आभार मानताना, स्वागत करताना माणूस इफ्यूजिव्ह होतो. हाच प्रकार फार झाला की गशिंग.

‘गिफ्ट ऑफ द गॅब’ ऐकायला छान वाटतं. पण त्यातल्या कौतुकात चिमूटभर संशय कालवलेला असतो. आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात ब्लार्नी नावाचा किल्ला आहे. त्याच्या माथ्यावरच्या भिंतीतल्या दगडाचं चुंबन घेतलं की जिभेवर हे वरदान उतरतं, अशी समजूत. त्यासाठी पाठीवर झोपून, डोकं मागे झुकवून, कुणीतरी धरलेलं असताना चुंबन घ्यावं लागतं. सांगतात असं, की तिथला सरदार पहिल्या एलिझाबेथ राणीला गोड गोड शब्दांत आश्वासनं देत राहिला आणि करायचं ते काहीच केलं नाही. तेव्हापासून ब्लार्नी म्हणजे लाघवी थापा. अर्जात तुम्हाला हे नकोय.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ‘व्हर्बोस मोड’ असतो आणि तो चालू करणं ही चांगली गोष्ट मानतात. तुम्ही तर व्हर्बोसला दोष म्हणता?

उत्तर : माणसाच्या बाबतीत दोष, यंत्राच्या बाबतीत सोय. एरवी मुकाट काम करणारा प्रोग्रॅम व्हर्बोस मोडमध्ये प्रत्येक पायरी सांगत जातो : ही फाइल उघडली, ती सापडली नाही, पुन्हा प्रयत्न केला. बिघाड शोधताना हेच तर हवं असतं. तिथे निंदा गळून पडली आणि ‘तपशीलवार’ एवढाच अर्थ उरला. पण तुमच्याच क्षेत्रात एखाद्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला व्हर्बोस म्हणतात, जावाला म्हणतात तसं, तेव्हा जुनी तक्रार परत येते : थोड्या कामाला फार लिहावं लागतं.

बाकी बोलणाऱ्या यंत्रांना ‘चॅटबॉट’ हे नाव पडलं त्यामागेही बडबडच आहे. १९९४ मध्ये मायकेल मॉल्डिन यांनी ‘चॅटरबॉट’ हा शब्द काढला, पुढे तो आखूड झाला. चॅटर म्हणजे वटवट. दात वाजतात त्यालाही चॅटरच.

प्रश्न : मॅडम, इंग्रजीतले बडबडीचे बरेच शब्द बायकांवरच का येतात? आणि बायका जास्त बोलतात हे खरं का?

उत्तर : पहिल्या भागाचं उत्तर गॉसिप या शब्दाच्या चरित्रात आहे. जुन्या इंग्रजीत हा ‘गॉडसिब’ होता. सिब म्हणजे नातलग, म्हणून देवाच्या साक्षीने झालेला नातलग : बाळाच्या बाप्तिस्म्याला जबाबदारी घेऊन उभा राहणारा पुरुष किंवा स्त्री. मानाचा शब्द होता. पुढे तो जिवलग मित्र-मैत्रिणीला वापरू लागले. नंतर बाळंतपणाच्या वेळी सोबतीला जमणाऱ्या बायका त्यात आल्या. त्या खोलीत पुरुषांना प्रवेश नसे. आत काय बोलतात कोण जाणे, या बाहेर उभ्या असलेल्यांच्या अस्वस्थतेतून शब्दाची पत घसरत गेली असावी, असं मला वाटतं. हळूहळू गॉसिप म्हणजे चहाड्या सांगत फिरणारी बाई, आणि एकोणिसाव्या शतकात ते बोलणंच गॉसिप झालं. पुरुष जमून हेच करतात तेव्हा त्याला नेटवर्किंग म्हणतात.

अनुवाद करताना हे ध्यानात ठेवावं लागतं. गशिंग हा बायकांना जितक्या सहज लावतात तितका पुरुषांना नाही. तेच पुरुषाने केलं तर ‘उत्साही’ म्हणून सोडून देतात.

आता दुसरा भाग. बायका दिवसाला वीस हजार शब्द बोलतात आणि पुरुष सात हजार, हा आकडा २००६ च्या सुमारास एका लोकप्रिय पुस्तकामुळे जगभर फिरला. मॅथायस मेल या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तो प्रत्यक्ष मोजून पाहिला. विद्यापीठातल्या ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र दिलं. ते दर साडेबारा मिनिटांनी अर्धं मिनिट आपोआप चालू होई, आणि कधी चालू झालं हे त्यांना कळत नसे. निकाल २००७ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला : स्त्रिया सरासरी १६,२१५ शब्द, पुरुष १५,६६९. म्हणजे फरक नगण्य. गंमत पुढे आहे. सर्वांत बोलका पुरुष दिवसाला सुमारे ४७,००० शब्द बोलत होता आणि सर्वांत अबोल पुरुष सुमारे ५००.

पुढे २०२५ मध्ये २,१९७ जणांचा अभ्यास आला. त्यात २५ ते ६४ या वयात स्त्रिया दिवसाला सुमारे तीन हजार शब्द जास्त बोलताना दिसल्या. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वयात तसा ठळक फरक नव्हता. त्या वयात लहान मुलांशी आणि घरातल्या सगळ्यांशी कोण बोलत असतं, हा प्रश्न मनात येतोच. पण वीस हजार विरुद्ध सात हजार हा हिशेब मात्र कुठेच बसत नाही. लग्नातल्या विनोदांनी तो विसरावा.

प्रश्न : कमी बोलणाऱ्यासाठी रिझर्व्ह्ड, टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकॉनिक हे सगळे सारखेच का?

उत्तर : इथेही तीच गत. ‘घुमा’, ‘अबोल’, ‘मितभाषी’ आणि ‘मुखदुर्बळ’ यांत तुम्ही गोंधळ करणार नाही. तसाच इथेही करू नका.

टॅसिटर्न म्हणजे स्वभावानेच अबोल, घुमेपणाकडे झुकणारा. रिझर्व्ह्ड बोलतो, पण आतलं उघड करत नाही. रेटिसंट एखाद्या विषयापुरता गप्प : क्रिकेटवर तासभर बोलेल, पहिल्या नोकरीचं नाव काढलं की मिटून जाईल. हल्ली हा ‘नाखूष’ या अर्थी सर्रास वापरतात. इंग्रजीतले शुद्धिवादी त्यावर चिडतात, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे, कारण त्या अर्थाला रिलक्टंट आधीच हजर आहे.

लॅकॉनिक मात्र निराळा. हा बोलतो, मोजकं बोलतो आणि ते झोंबतं. प्राचीन ग्रीसमधलं स्पार्टा हे नगरराज्य ज्या भागात होतं त्याचं नाव लॅकोनिया, त्यावरून हा शब्द. वर सांगितलेल्या प्लुटार्कच्या निबंधातच ती गोष्ट आहे. मॅसेडोनच्या फिलिप राजाने स्पार्टाला निरोप पाठवला, मी जर लॅकोनियात शिरलो तर तुम्हाला उखडून टाकीन. स्पार्टाचं उत्तर एका शब्दाचं : ‘जर.’

मुखदुर्बळाला यातलं काही लावू नका. त्याला बोलायचं असतं, जमत नाही. टंग-टाइड चालेल, पण तो प्रसंगापुरता. मितभाषी माणसासाठी सगळ्यांत सरळ म्हणजे ‘अ मॅन ऑफ फ्यू वर्ड्स’. आपल्या शब्दातला आदर त्यात बराचसा उतरतो.

प्रश्न : लेकीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी फक्त ‘टॉकेटिव्ह’ एवढाच शेरा दिलाय. हे कौतुक समजायचं की तक्रार?

उत्तर : तक्रार. सौम्य आहे, पण तक्रारच. कौतुक असतं तर एक्स्प्रेसिव्ह किंवा कॉन्फिडंट स्पीकर लिहिलं असतं. त्याचा अर्थ इतकाच, की शिकवणं चालू असताना शेजारणीशी गप्पा चालतात. फारच झालं असतं तर ‘डिस्टर्ब्स अदर्स’ असं लिहिलं असतं, तसं लिहिलेलं नाही.

तुमच्या पत्रात पुढे तुम्ही विचारलंय की घरी तिला लाडाने काय म्हणावं. चॅटरबॉक्स म्हणा, मुलांसाठी तो प्रेमाचाच शब्द आहे. प्रॅटल हे क्रियापद लहान मुलांच्या अर्थहीन पण गोड बोलण्याला शोभतं. मोठ्यांना लावलं तर तो अपमान. बॅबल त्याच्याही अलीकडचं, सहा-सात महिन्यांचं बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ करतं ते. हाच शब्द इंग्रजांनी आपल्या सातभाई पक्ष्यांना दिला, बॅबलर म्हणून. पाचवीतल्या मुलीला बॅबल म्हणू नका, तिला अर्थ कळला तर ती तुमच्याशी बोलायची नाही. आणि बाईंना भेटायला जाल तेव्हा शेऱ्याचा अर्थ विचारण्याऐवजी तिची जागा बदलून बघाल का, एवढंच विचारा.